स्प्लिट सोडून तीन बोटं खाली: हात ऐकेना, बाण गवतात

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. इथे धनुर्विद्येवर धागे फारसे निघत नाहीत, पण चार-पाच तिरंदाज दडून बसलेत हे मागच्या एका चर्चेत कळलं, म्हणून लिहितोय.

मी स्पर्धेतला माणूस नाही. वय ४६, नोकरी बसून करायची, आणि रविवारी सकाळी मावळात मित्राच्या शेतावर जाऊन दोन-तीन तास बाण मारायचे, एवढाच व्याप. धनुष्य लाकडी टेकडाउन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं), ५८ इंची, २८ इंच खेचल्यावर ३५ पाउंड ताण. साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, क्लिकर नाही. बाण थेट शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या खोबणीवरून, सुटतो. सहा वर्षं स्प्लिट पकड: तर्जनी नॉकच्या (बाणाच्या शेपटाची, दोरीत अडकणारी खाच) वर, मधलं बोट आणि अनामिका खाली. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी बोटं तशी ठेवली आणि मीही ती तशीच ठेवली, भटजी सांगतील तेव्हा पळीभर पाणी सोडावं तितक्या निमूटपणे.

तक्रार तर्जनीची आहे. धनुष्य आखूड, त्यामुळे पूर्ण खेचल्यावर दोरीचा कोन टोकदार होतो आणि नॉक दोन बोटांत चिमटला जातो. तर्जनीच्या आतल्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा घट्टा पडलाय. त्याचं एवढं नाही, पण त्या चिमट्यामुळे बाण शेल्फवरून उचलला जाऊन बाजूला पडतो. दहा बाणांत एकदा तरी. मग प्रत्येक वेळी खेचताना अर्धं लक्ष बाण पडतोय का याकडे.

म्हणून ठरवलं, तिन्ही बोटं खाली. वाचायला किती सोपं! तर्जनी नॉकला खालून चिकटवायची, बाकीची दोन तिच्याखाली, झालं.

चार रविवार झाले. पहिल्या रविवारी १५ मीटरवरून सहा बाण मारले, सहाही बट्रेसच्या (बाण अडवणाऱ्या जाड फळीच्या) खाली. चार सापडले. दोन गवताच्या मुळांत असे शिरले की मित्राचा गडी दाताळं घेऊन अर्धा तास शोधत होता, मग त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. ते दोन अजून तिथेच आहेत.

त्यात अनामिका बधिर होते. सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर त्या बोटाने एल दाबला गेला की नाही हेच कळत नाही. शिवाय आवाज. पूर्वी दोरी सुटली की 'धप्प' व्हायचं, आता 'फटाक' होतं, झाडावरचे बगळे उडतात.

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट: बारा-पंधरा बाण झाले, थोडा थकलो, की तर्जनी आपोआप वर जाऊन बसते. मला पत्ताही नसतो. बाण सुटतो, सुरेख मधोमध लागतो, आणि मग खाली पाहिल्यावर कळतं की हा जुन्या हाताने मारला.

कुणी हा बदल केलाय का? किती दिवस लागले? की सोडून देऊ?

गोफण

पाट टाकून बसलो आहे. मला धनुष्यातलं दसऱ्याच्या रावणापलीकडे काही कळत नाही, पण गड्याच्या नजरेचं वर्णन आवडलं.

जुना_भाता

नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉक कुठे बसवायचा ती गाठ, हलवलात का?

वेताळटेकडी

नाही. हलवायचा असतो?

जुना_भाता

अरे देवा. मग बाण तरी काय करतील बिचारे.

बोटं बदलली की दोरीवर जोर लागतो ती जागाच खाली सरकते. आधी बाणाच्या वर एक बोट होतं, खाली दोन. आता तिन्ही खाली. खालच्या लिम्बवर (धनुष्याच्या पात्यावर) ताण वाढला, वरच्यावर कमी झाला, आणि दोन्ही लिम्ब आता एका वेळी घरी पोचत नाहीत. तुमच्या 'फटाक'चा मोठा भाग हा असणार. दोरीपासून वरच्या आणि खालच्या लिम्बच्या मुळापर्यंतची अंतरं मोजली की त्यातला फरक म्हणजे टिलर. स्प्लिटसाठी बनवलेल्या धनुष्यात वरचं अंतर साधारण ३ ते ६ मिलिमीटर जास्त ठेवतात. तीन-खालीसाठी दोन्ही सारखी असलेली बरी. तुमच्या टेकडाउनला बोल्ट फिरवून टिलर बदलायची सोय बहुधा नसेल, तेव्हा ते विसरा. लिम्ब घासून घ्यायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका, ३५ पाउंडाचं धनुष्य ३२ चं होऊन घरी येईल.

नॉकिंग पॉइंट मात्र तुमच्या हातात आहे. गुण्या असतो तशी छोटी काटकोनी पट्टी दोरीला लावा आणि बाण काटकोनात बसतो तिथपासून तुमची गाठ किती वर आहे ते बघा. स्प्लिटवाल्यांची बहुतेक वेळा पाव ते अर्धा इंच असते. तुम्ही पाऊण इंचापासून सुरुवात करा आणि हळूहळू खाली या. वरून खाली, खालून वर नव्हे. नॉक फार खाली असला तर बाणाचं शेपूट शेल्फवर आपटून वर उडतं. बघणाऱ्याला वाटतं नॉक वर आहे, म्हणून तो गाठ अजून खाली घेतो, शेपूट अजून जोरात आपटतं. या फेऱ्यात मी एकदा दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली आहे. चकल्या बट्रेसपाशी उभ्याने खाल्ल्या.

पिसं काढलेला एक बाण जवळ ठेवा. १०-१२ मीटरवरून पिसं असलेले तीन बाण मारा आणि एक हा बोडका. बोडका जर पिसवाल्यांच्या खाली लागला तर नॉक वर आहे, थोडा उतरवा. वर लागला तर उलट. मिलिमीटर-मिलिमीटरने.

आणखी एक. नॉकच्या खालीही एक गाठ बांधा. स्प्लिटमध्ये नॉक दोन बोटांच्या मधे धरलेला असतो, तीन-खालीत सुटताना तो दोरीवर खाली घसरू शकतो. पितळी कडी नको, टॅबचं (बोटं आणि दोरीमधल्या पट्टीचं) चामडं कुरतडते. डेंटल फ्लॉसचे सात-आठ वेढे, वर फेव्हिक्विकचा थेंब. दोन गाठींमध्ये नॉकला केसभर मोकळीक राहू द्या, नाहीतर खेचल्यावर दोरीला कोन आला की गाठीच नॉकला चिमटतील, आणि ज्या दुखण्यातून पळालात तेच पुढ्यात.

डेन्व्हरची_थंडी

जुना_भाताकाका, दंडवत. मी हे सगळं चुका करून शिकलो, तुमचा प्रतिसाद चार वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

वेताळटेकडी, मी इथे कोलोरॅडोत थ्रीडी खेळतो. जंगलात फोमचे प्राणी उभे केलेले असतात, अंतर सांगत नाहीत, आपण अंदाज घ्यायचा आणि मारायचं. स्प्लिटवरून तीन-खालीवर आलो ते या खेळासाठीच. बाण गवतात का जातात ते नॉकिंग पॉइंटशिवायही समजून घ्या, साधं त्रैराशिक आहे.

तर्जनी ओठाच्या कोपऱ्यावरच टेकवत असाल (बहुतेक तेच करत असाल), तर पूर्वी बाण तर्जनीच्या खाली होता, आता वर आहे. म्हणजे बाणाचं मागचं टोक डोळ्याच्या एक बोट जवळ आलं. धरा २ सेंटिमीटर. डोळ्यापासून बाणाच्या पुढच्या टोकापर्यंत धरा ७० सेंटिमीटर. ७० ला २, तर १५०० ला किती? जवळजवळ ४३ सेंटिमीटर. टोक पूर्वीच्याच जागी धरलंत, तर १५ मीटरवर बाण जवळपास हातभर खाली लागणार. त्यात हाताचा काही दोष नाही, भूमितीचा आहे.

तुम्ही म्हणाल, मी टोकाकडे बघतच नाही, अंदाजाने मारतो. मीही हेच म्हणायचो. डोळ्याच्या कडेतून टोक दिसत असतं आणि सहा वर्षांत मेंदूने त्याची खतावणी लिहून ठेवलेली असते. ती वही आता नव्याने लिहायची आहे, म्हणूनच वेळ लागतो.

फायदाही इथेच आहे. टोक नेमकं केंद्रावर धरल्यावर बाण केंद्रात लागतो ते अंतर माझं पूर्वी ४५ मीटरच्या आसपास होतं, आता ३० आहे. थ्रीडीत बहुतेक सगळं त्याच्या आत. १५ मीटरवर पूर्वी टोक केंद्राच्या ८५ सेंटिमीटर खाली, म्हणजे पार हरणाच्या खुरांपाशी धरावं लागायचं. आता ४५ च्या आसपास.

मी काय केलं सांगतो. तीन आठवडे टार्गेट फेस (वर्तुळांचा कागद) लावलाच नाही. बट्रेसपासून दोन मीटरवर उभं राहायचं, डोळे मिटायचे, फक्त बोटांकडे लक्ष. रोज तीस बाण, त्याहून जास्त नाही. घरी बेसमेंटमध्ये जागा होती म्हणून जमलं. तुमचं रविवारचं गणित इथे नडतंय असं मला वाटतं. आठवड्यातून एकदा तीन तास म्हणजे उरलेले सहा दिवस हात जुनंच आठवत बसतो. घरी व्यायामाचा रबरी पट्टा तरी घ्या, टीव्ही बघताना बोटं त्यावर नव्या पद्धतीने अडकवा, खेचा, अँकर (हात ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा), परत सोडा.

आणि बाराव्या बाणानंतर तर्जनी वर जाते ना? मग अकरावर थांबा. दहा मिनिटं बसा, चहा घ्या, गड्याशी गप्पा मारा (त्याचा रुसवाही जाईल). थकलेल्या हाताने मारलेला बाण जुनी सवयच पक्की करतो.

कडूकारले

मी एकटाच उलटा बोलणार असं दिसतंय.

का बदलताय? ऑलिंपिकमधले रिकर्व्हवाले स्प्लिटनेच मारतात, ७० मीटरवरून, दिवसाला शेकडो बाण. त्यांची तर्जनी पडली नाही गळून. घट्टा तर्जनीच्या *आतल्या कडेला* आहे म्हणता, याचा अर्थ तुम्ही बोटांत फट ठेवत नाही. टॅबला मधे स्पेसर लावा, शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्न. वजन मधल्या बोटावर घ्या, तर्जनी नुसती सोबतीला. बाण शेल्फवरून पडतो तोही मनगट वळवल्यामुळे.

आणि खरं दुखणं ५८ इंची धनुष्य आहे. ६४ किंवा ६६ इंची घ्या, दोरीचा कोन पसरट होईल, चिमटा आपोआप जाईल. लोक जोडा चावतो म्हणून चालण्याची पद्धत बदलतात, तसं चाललंय हे.

वेताळटेकडी

कडूकारले, मुद्दा पटतो. पण हे धनुष्य चाळिसाव्या वाढदिवसाला बायकोने घेऊन दिलेलं आहे. विकलं तर नुसत्या पकडीचा प्रश्न राहणार नाही.

कडूकारले

मग तीन बोटं खालीच ठेवा. माझे शब्द मागे.

चाफेकळी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिरंदाज नाही. बधिरपणाबद्दल लिहिते.

कुठे बधिर आहे ते नीट बघा. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू आणि करंगळीकडची बाजू यांना वेगवेगळ्या नसा जातात: मधल्या बोटाकडची मीडियन, करंगळीकडची अल्नर. फक्त दोरी बसते तेवढीच जागा आणि बोटाचं टोक बधिर असेल, तर दोरीने बोटातल्या बारीक नसा दाबल्या जाताहेत. दाब कमी केला, विश्रांती दिली, की हे बहुधा जातं. पण करंगळीलाही मुंग्या येत असतील, तर गोष्ट बोटाची नसून कोपराची किंवा मनगटाचीही असू शकते. तेव्हा इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सोमवारी दुपारपर्यंत संवेदना येत नसेल तर पुढचा रविवार सुट्टी. बधिर बोटाने तुम्हाला पकड शिकताही येणार नाही, कारण शिकायचं तेच बोट काही सांगत नाहीये.

दुसरं, करंगळी काय करते? मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वाकवणारा खोलातला स्नायू एकमेकांशी बराच जोडलेला असतो. टेबलावर तळवा उताणा ठेवून नुसती अनामिका वाकवून बघा, शेजारणी सोबत येतात. करंगळी ताठ बाहेर काढून ठेवली (चहाचा कप धरताना काही जण काढतात तशी), तर अनामिकेला दुप्पट भांडावं लागतं. करंगळी सैल वळू द्या.

वेताळटेकडी

चाफेकळीताई, करंगळी ताठच असते! आत्ता खुर्चीत बसून करून पाहिलं. करंगळीला मुंग्या नाहीत, फक्त अनामिकेच्या पेरावर, दोरीच्या रेषेत.

शहादेकर

थोडं अवांतर, पण बोटांवरूनच आहे.

आमच्याकडे सातपुड्यात, धडगाव-तोरणमाळ भागात, भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये तीरकामठा अजून घराघरांत दिसतो. बांबूचाच कामठा आणि दोरीही बांबूच्या चिपेची. लहानपणी गावच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला कामठा हातात दिला होता. मी टीव्हीवरच्या मालिकेत बघितल्यासारखा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बाण धरला. त्याने हसून माझा अंगठा बाजूला केला आणि तर्जनी-मधल्या बोटात बाण धरून ती दोन बोटं दोरीवर अडकवून दिली. अंगठा नाही लावायचा, म्हणाला. का, ते सांगितलं नाही. वडिलांनी घरी आल्यावर एकलव्याची गोष्ट सांगितली.

आता हे ऐकून लोक भारावतात, मीही भारावतो. पण खरं सांगायचं तर धागाकर्त्याच्या दोन्ही पकडींत तरी अंगठा कुठे आहे? अंगठा न लावणं म्हणजे लगेच एकलव्याचा पुरावा असं मी म्हणणार नाही. समाजाने मात्र आपल्या हाताच्या सवयीला एक आठवण जोडून ठेवली, ते मला जास्त मोठं वाटतं.

अनुष्टुप

शहादेकर, फार छान. याला जोडून: आदिपर्वात अंगठा कापून दिल्यावर एकलव्य थांबत नाही. तो उरलेल्या बोटांनी खेचू लागतो, आणि ग्रंथ स्पष्ट सांगतो की तो पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही. 'नेम चुकू लागला' असं तिथे म्हटलेलं नाही हं, वेग गेला. म्हणजे पकड बदलल्यावर काय होतं याची ही नोंद बऱ्यापैकी नेमकी आहे. मूळची पकड अंगठ्याची होती हेही त्यातून निघतं, नाहीतर अंगठा मागून द्रोणाचार्यांना काय मिळणार होतं?

वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत दोरी धरायच्या पाच मुठी सांगितल्यात: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी, काकतुंडी. आणि कुठली कशासाठी तेही. पताका लांबच्या माऱ्याला, वज्रमुष्टी जाड नाराच (लोखंडी बाण) सोडायला, काकतुंडी सूक्ष्म लक्ष्याला. एकाच माणसाने कामाप्रमाणे मूठ बदलावी अशी अपेक्षा दिसते. आपण एकीवरून दुसरीवर जाताना चार रविवार रडतोय.

वेताळटेकडी

'आपण' कसलं, मी एकटाच रडतोय. :)

रिकीब

अंगठ्याचा विषय निघाला म्हणून. मी तुर्की पद्धतीचं छोटं धनुष्य अंगठ्याने मारतो, तीन वर्षं झाली. दोरी अंगठ्याच्या आतून, तर्जनी अंगठ्याच्या नखावर कुलपासारखी, आणि बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला. हाताला थोडा पीळ दिला की बाण आपोआप धनुष्यावर दाबला जातो, म्हणून घोड्यावर बाण पडत नाही. मोगल हेच करायचे. त्यासाठी अंगठ्यात अंगठी: शिंगाची, हाडाची, बादशहाची असेल तर जेडची. शाहजहानची उपाधी कोरलेली एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जपानी क्यूदोवाले अंगठीऐवजी कडक अंगठ्याचा चामडी हातमोजा घालतात.

५८ इंच तर काहीच नाही, माझं ४८ इंची आहे आणि चिमटा शून्य, कारण दोरीवर एकच बोट असतं. या इकडे.

जुना_भाता

रिकीब, माणूस एका खड्ड्यातून निघतोय, त्याला विहीर दाखवू नका.

माची

मी तिरंदाजांची आई आहे, एवढीच पात्रता. मुलगी साताऱ्यात इंडियन राउंड खेळते, बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून पाच वर्षं बसले आहे, त्यामुळे डोळा थोडा तयार झालाय. आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेती झाली तेव्हापासून तर आमच्याकडे मैदानावर उभं राहायला जागा नसते. ती कंपाउंडवाली (चाकांचं धनुष्य), तिथे बोटांचा प्रश्नच नाही, हातात रिलीज, म्हणजे दोरी सोडायची कळ असते. त्या मुलांकडे बघून आमची इंडियन राउंडची मुलं घट्टे कुरवाळत बसतात.

एकच विचारते. तुमचा टॅब कुठला आहे? जुनाच वापरताय का, मधे चीर असलेला?

वेताळटेकडी

हो, जुनाच. चामड्याचा, मधे नॉकसाठी खाच आहे. का?

माची

मग तीच तुमची अनामिका.

चिरेमुळे टॅबचे दोन पंख होतात ना, वरचा तर्जनीचा, खालचा दोन बोटांचा. स्प्लिटमध्ये त्या चिरेत नॉक बसतो, म्हणून ती बरोबर. आता तुमच्या तिन्ही बोटांच्या मधे ती चीर नुसतीच उघडी. वरचा पंख दुमडतो, तर्जनीला दोरी नीट लागत नाही, ती सैल पडते, आणि सगळा भार खाली अनामिकेवर जातो. आमच्या मैदानावर एका मुलाचं हेच झालं होतं. त्याला सगळे 'बोट नीट लाव, बोट नीट लाव' म्हणून ओरडत होते, आणि मी सतरंजीवरून बघत होते की बोट बरोबर आहे, चामडं दुमडतंय. सांगितलं कुणाला तर 'काकू, तुम्ही डबा बघा.'

तीन-खालीसाठी अखंड टॅब लागतो, चिरेशिवाय. विकत मिळतो, नाहीतर चामड्याचा तुकडा बोटांच्या मापाने कापून घ्या. दोरी लागते ती बाजू गुळगुळीत हवी.

डेन्व्हरची_थंडी

माचीताई, ग्रेट. आम्ही इथे टिलरपर्यंत पोचलो आणि टॅब विचारायचं कुणाला सुचलं नाही.

कडूकारले

काकूंना डबा बघायला सांगणाऱ्याचा निषेध.

वेताळटेकडी

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय.

चप्पल-बूट शिवणारे एक काका आमच्या कोपऱ्यावर बसतात. त्यांच्याकडे जुना टॅब नेला, म्हटलं असाच, पण मधे कापू नका. त्यांनी मला हात पुढे करायला लावला, तिन्ही बोटं कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, दोरी कुठे बसते? मी दाखवलं: पहिल्या पेराच्या घडीत, टोकावर नाही. त्यांनी तिथेच दोन पदरी चामडं घेतलं, मागे एक पातळ पट्टी मधल्या बोटात अडकवायला. साठ रुपये. पहिल्या दिवशी कडक होता, थोडं तेल चोळून दोन दिवस उशीखाली ठेवला. बायको म्हणाली, आता धनुष्यही घे गादीवर.

बधिरपणा पहिल्याच रविवारी निम्मा झाला. करंगळी सैल ठेवायला मुद्दाम शिकावं लागतंय, पण चाफेकळीताईंचं म्हणणं खरं आहे, ती वळली की हाताची पाठ आपोआप सपाट होते.

नॉकिंग पॉइंट पाऊण इंचावर नेला, बोडका बाण भलताच खाली लागला. उतरवत उतरवत अर्ध्या इंचाच्या जरा वर येऊन थांबलोय. खालची गाठ बांधली. आवाज 'फटाक'वरून 'टप्प'वर आलाय. पूर्वीचा 'धप्प' काही परत आला नाही, बगळे मात्र आता बसून राहतात.

घरी हॉलमध्ये रबरी पट्टा. रोज वीस वेळा. मुलगा विचारतो, बाबा कुणाला मारताय?

जुना_भाता

अर्ध्याच्या जरा वर म्हणजे उत्तम. आता मोजायचं थांबा आणि मारा. एक सूचना, उत्साहात स्ट्रिंग वॉकिंगच्या नादी लागू नका. ते म्हणजे अंतराप्रमाणे बोटं दोरीवर खाली-खाली सरकवत नेणं. बेअरबो (साइट नसलेल्या रिकर्व्हच्या) प्रकारात ते चालतं, टॅबवरचे टाके मोजून लोक करतात आणि झकास मारतात. पण त्यात प्रत्येक अंतराला धनुष्याचा तोल नव्याने बिघडतो. पारंपरिक आणि लाँगबो प्रकारांत ते चालतही नाही, तर्जनी नॉकच्या लगतच हवी.

वेताळटेकडी

धागा वर काढतोय, कारण चौकशीचे व्यनि (खासगी निरोप) आले. अडीच महिने झाले.

१५ मीटरवर सहापैकी चार-पाच ताटलीएवढ्या जागेत येतात. पूर्वी स्प्लिटने सहाही यायचे, खोटं कशाला बोलू. पण बाण शेल्फवरून पडणं बंद झालं. एकदाही नाही. खेचताना अर्धं लक्ष तिकडे जायचं ते आता जात नाही, आणि मला हवं होतं ते एवढंच होतं. २५ मीटरवर तर पूर्वीपेक्षा बरं मारतोय, टोक केंद्राच्या जरासंच खाली धरावं लागतं.

तर्जनी अजून कधीतरी वर जाते. गेल्या रविवारी पावसाची सर आली, घाईघाईत शेवटचा बाण लावला आणि मारला. मधोमध. खाली बघितलं तर तर्जनी बाकी दोघींपासून सुटी वर, नव्या अखंड टॅबची कड दुमडलेली. तसाच उभा राहिलो पावसात. अकरावर थांबायचा नियम मी मोडला होता, तो चौदावा होता.

डेन्व्हरची_थंडी

माझी तर्जनी सात महिन्यांनी वर गेली होती एकदा. भर स्पर्धेत, फोमच्या अस्वलावर. दहा गुण मिळाले. कुणाला सांगितलं नाही.

गोफण

सगळा धागा वाचला, मला आता टिलर म्हणजे काय ते माहीत आहे, त्याचं काय करू ते मात्र कुणी सांगितलं नाही. त्या दोन बाणांचं काय झालं पुढे?

वेताळटेकडी

एक मिळाला. काल गवत कापणी झाली, गड्याच्या विळ्याला लागला. पिसं वाळवीने खाल्लेली, नॉक चिरलेला, काडी मात्र सरळ. मला बोलावून हातात दिला आणि म्हणाला, दुसरा पण इथंच असंल, तुम्ही आता वरच मारत जावा.